गाण्यातला कॅमेरा नक्की काय बघतो? लैंगिक चित्रण शॉटगणिक मोजण्याची पद्धत (धागा)

चौकट

आयटम साँग, डिओच्या जाहिराती, बनियनची खोकी, कलादालनातली नग्नचित्रं. यांतल्या कशावरही वाद सुरू झाला की चार प्रतिसादांत गाडी कपड्यांवर येऊन अडते. किती उघडं, किती झाकलेलं. कापडाच्या मापाने हा प्रश्न सुटणार नाही असं माझं ठाम मत आहे. अंगभर साडी नेसलेल्या बाईचंही वस्तुकरण होतं, म्हणजे तिला माणूस न मानता वस्तूसारखं दाखवलं जातं, आणि पूर्ण नग्न चित्रातही माणूस शाबूत असू शकतो. चौकटीत काय घेतलं, काय कापलं आणि कुणाच्या नजरेतून दाखवलं, यावर सगळं ठरतं. या तिन्ही गोष्टी मोजता येतात, म्हणून हा धागा.

गाणं संगणकावर लावा, फोनवर नको. यूट्यूबवर व्हिडिओ थांबवून पूर्णविरामाची कळ दाबली की एक फ्रेम पुढे सरकते, स्वल्पविरामाची दाबली की एक मागे. एक्सेल उघडा आणि प्रत्येक कटला, म्हणजे एक शॉट संपून दुसरा सुरू होतो तिथे, एक ओळ द्या. चार मिनिटांच्या गाण्यात सरासरी दोन सेकंदांवर कट असेल तर १२० ओळी होतात. रकाने असे ठेवा: शॉटची सुरुवात आणि शेवट, चौकटीत कोण, शरीराचा कुठून कुठपर्यंतचा भाग, डोकं आत की बाहेर, कॅमेऱ्याची उंची (डोळ्यांच्या रेषेत, कमरेला, गुडघ्याखाली, वरून), कॅमेरा सरकतो का आणि कुठून कुठे, वेग नेहमीचा की संथ, आधीच्या शॉटमध्ये कुणी बघत होतं का, आणि पात्र त्या शॉटमध्ये स्वतःहून काही करतंय की नुसतं दाखवलं जातंय.

यातून तीन आकडे काढायचे. पहिला, एखादं पात्र पडद्यावर जितके सेकंद आहे त्यातले किती सेकंद त्याचं डोकं चौकटीबाहेर आहे. दुसरा, त्या पात्राच्या शॉटपैकी किती शॉट दुसऱ्या कुणाच्या नजरेतून आहेत. तिसरा, ते पात्र उलट बघतं का, म्हणजे त्याच्या नजरेतून दिसणारे शॉट किती.

पोस्टर, थंबनेल, छापील जाहिरात यांसारख्या स्थिर चित्रांना वेगळं माप लागतं. टाळूपासून हनुवटीपर्यंतचं अंतर घ्या, त्याला टाळूपासून चित्रात दिसणाऱ्या शरीराच्या सगळ्यात खालच्या टोकापर्यंतच्या अंतराने भागा. नुसता चेहरा असेल तर उत्तर १, छातीपर्यंतचा फोटो असेल तर साधारण ०.५, नखशिखान्त उभं चित्र असेल तर ०.१३च्या आसपास, कारण डोकं उंचीच्या साडेसातव्या हिश्श्याइतकं असतं. अमेरिकेत १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नियतकालिकांतल्या पुरुषांची सरासरी ०.६५च्या आसपास आली होती आणि स्त्रियांची ०.४५च्या. कमी आकडा आला म्हणजे चित्र कामुक, असा अर्थ लावू नका. नर्तकीचं पूर्ण चित्र ०.१३च येणार. एकाच अंकातल्या, एकाच प्रकारच्या चित्रांत स्त्री आणि पुरुष यांचे आकडे शेजारी ठेवले तरच ते काही सांगतात.

मोजताना हमखास होणाऱ्या दोन चुका. नुसते शॉट मोजले जातात. अर्ध्या सेकंदाचे आठ कट आठ ओळी खातात आणि चार सेकंदांचा एक संथ शॉट एकच ओळ, पण वेळ दोन्हींचा सारखा. म्हणून संख्या आणि सेकंद दोन्ही लिहा. दुसरी चूक म्हणजे पायांचा प्रत्येक शॉट आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करणं. नाच दाखवायचा तर कॅमेरा पावलांवर जाणारच. तो शॉट काढून टाकला तर नाचाबद्दलची माहिती कमी होते का, हे विचारा. समेवर पडणारं पाऊल दिसलंच पाहिजे. मांडीवरून सावकाश वर सरकणाऱ्या शॉटमध्ये ताल कुठे दिसतो?

---

टेबलावरची_कात्री

पद्धत उत्तम. तुमच्या तक्त्यात वेगाचा रकाना आहे, तो डोक्याच्या रकान्याशी जोडून बघा. संथ शॉट आणि बिनडोक्याचे शॉट बरेचदा एकत्र सापडतील. त्यामागे तांत्रिक कारण आहे.

गाण्याचं चित्रीकरण आधी रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकवर होतं. पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम दिसतात. शॉट थोडा संथ हवा आणि ओठही जुळायला हवेत, तर ३० फ्रेमने शूट करताना ट्रॅक सव्वापट वेगाने वाजवतात, ३६ला दीडपट, ४८ला दुप्पट. दुप्पट वेगाने वाजणाऱ्या गाण्यावर ओठ हलवणं आणि नाचणं फार अवघड, पण सराव असेल तर जमतं. ९६ फ्रेमला ट्रॅक चौपट पळतो, तिथे ओठ जुळवायचा प्रश्नच येत नाही. म्हणून अति-संथ शॉट ठरवताना चेहरा आपोआप वगळला जातो: केस उडवणं, कंबर, पाठीवरून ओघळणारं पाणी. सेटवर त्यांना ‘इन्सर्ट’ म्हणतात. कडव्याचे मुख्य शॉट झाले की दिवसाच्या शेवटी असे पंधरा-वीस इन्सर्ट उरकले जातात, बऱ्याचदा दुसऱ्या कॅमेऱ्यावर.

मग एडिट टेबलावर कडव्यात कुठे ओठ चुकलेले असतात, कुठे मागचा नाच्या अडखळलेला असतो, कुठे फोकस गेलेला असतो. अशी भोकं बुजवायला सगळ्यात सोपा माल म्हणजे इन्सर्ट, कारण त्याला ना ओठ जुळवायचे ना सातत्य सांभाळायचं. त्यामुळे दिग्दर्शकाने विशेष ठरवलेलं नसतानाही कंबर गाण्यात पाच-सहा वेळा येऊन बसते.

यावर उपायही टेबलावर सुचून उपयोग नाही, शूटच्या आधीच करावा लागतो. इन्सर्टची यादी करतानाच हात, वाद्यं, मागच्या नर्तकांचे चेहरे, बघणाऱ्यांच्या प्रतिक्रिया आणि नायिकेच्या चेहऱ्याचे ओठ न हलवता घेतलेले शॉट लिहून ठेवायचे. एवढा पर्यायी माल हाताशी असला की एडिटर कंबरेकडे जात नाही. आणि मुख्य नाचाचा एक अखंड, पूर्ण शरीराचा शॉट सुरुवातीपासून शेवटपर्यंत घेऊन ठेवावा. तो नसला की कापाकापीशिवाय गत्यंतर राहत नाही.

अजून एक रकाना सुचवतो: प्रवेशाचा शॉट. पात्र पहिल्यांदा दिसतं तेव्हा कॅमेरा कुठून सुरू होतो? पावलांपासून वर सरकत चेहऱ्यावर शेवटी पोचणारा शॉट नायकालाही देतात. फरक थांब्यांचा असतो. नायकाच्या शॉटमध्ये बूट, मूठ, मग थेट डोळे. नायिकेच्या शॉटमध्ये मांडी, कंबर, छाती इथे वेग मंदावतो. फ्रेम मोजल्या की हे स्पष्ट कळतं.

---

नवी_वाचक

मग शृंगार दाखवायचाच नाही का? दोन माणसांमधलं आकर्षण हा कलेचा फार जुना विषय आहे.

---

चौकट

दाखवायचा, आणि जरूर दाखवायचा. तत्त्वज्ञ मार्था नुसबाम यांनी १९९५ साली वस्तुकरणाची सात लक्षणं मांडली, ती इथे कामाची आहेत. माणसाला साधन म्हणून वापरणं, त्याची स्वतःची इच्छा नाकारणं, त्याला निष्क्रिय दाखवणं, ‘हा नाही तर तो, सगळे सारखेच’ असं मानणं, त्याची मोडतोड केली तरी चालेल असं समजणं, तो कुणाच्या तरी मालकीचा आहे असं धरणं, आणि त्याच्या मनात काय चाललंय याची दखलच न घेणं. प्रणयाच्या दृश्यात दोघांची इच्छा दिसत असेल, दोघं एकमेकांकडे बघत असतील, तर त्यात शरीर कितीही असो, यातली बहुतेक लक्षणं लागू होत नाहीत. उलट सिमेंटच्या जाहिरातीत नुसती उभी केलेली मॉडेल पूर्ण कपड्यांत असली तरी चार लक्षणं सहज लागू होतात. तिच्या जागी दुसरी कुणीही चालली असती, हे त्यातलं सगळ्यात बोलकं.

---

कलम_तीन

कायद्याचा भाग टाकतो, कारण तक्रार कुठे करायची याबद्दल फार गोंधळ असतो.

‘स्त्रियांचे असभ्य प्रतिरूपण (प्रतिबंध) अधिनियम’ १९८६चा. कलम ३ जाहिरातींना लागू, कलम ४ पुस्तकं, चित्रं, फिल्म, छायाचित्रं वगैरेंना. कला, साहित्य, विज्ञान, विद्या यांसाठीची आणि प्राचीन स्मारकं, मंदिरं यांची सूट कलम ४मध्ये आहे. सेन्सॉरच्या कक्षेतले चित्रपटही त्यातून वगळलेले आहेत. कलम ३मध्ये अशी सूट लिहिलेली नाही, त्यामुळे जाहिरातीचा बचाव ‘ही कला आहे’ एवढ्यावर करणं अवघड जातं. शिक्षा पहिल्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद आणि २,००० रुपयांपर्यंत दंड; पुन्हा केलं तर कमीत कमी सहा महिने ते पाच वर्षं आणि १०,००० ते १ लाख दंड. गुन्हा दखलपात्र आणि जामीनपात्र.

दोन मोठ्या त्रुटी आहेत. कायदा छापील जगासाठी लिहिलेला आहे. त्यात इंटरनेट आणि इतर इलेक्ट्रॉनिक माध्यमं आणणारं दुरुस्ती विधेयक २०१२ साली राज्यसभेत मांडलं गेलं, पुढे ते मागे घेतलं. त्यामुळे ऑनलाइन प्रकरणांत माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ लावतात, आणि त्याची कसोटी अश्लीलतेची आहे, वस्तुकरणाची नाही. दुसरी त्रुटी, पुरुषांच्या चित्रणाबद्दल त्यात चकार शब्द नाही.

अश्लीलतेची कसोटी कशी बदलली तेही बघा. १८६८च्या इंग्लंडमधल्या हिक्लिन खटल्यापासून ‘ज्यांच्या हाती हे पडेल त्यांचं मन बिघडेल का’ हा निकष होता. सर्वोच्च न्यायालयाने १९६४मध्ये रणजित उदेशी खटल्यात तोच थोड्याफार फरकाने उचलला. उदेशी मुंबईतले पुस्तकविक्रेते होते. २०१४च्या अवीक सरकार निकालात न्यायालयाने हिक्लिन सोडून दिलं आणि आजच्या समाजाची मापं लावून, चित्र पूर्ण संदर्भात बघायचं ठरवलं. तिथे प्रश्न टेनिसपटू बोरिस बेकर आणि त्याची होणारी पत्नी यांच्या नग्न छायाचित्राचा होता. वर्णभेदाविरुद्धचं ते चित्र असल्याने अश्लील नाही, असं ठरलं.

आता व्यवहाराचं. जाहिरातीविरुद्ध पोलिसांत जाण्याआधी अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया, म्हणजे एएससीआयकडे जा. १९८५ साली स्थापन झालेली ही उद्योगाची स्वनियमन संस्था आहे, ग्राहकाला तक्रार फुकट करता येते. जून २०२२मध्ये त्यांनी लिंगभावाच्या साचेबद्ध चित्रणाबद्दल जी मार्गदर्शक तत्त्वं आणली त्यात कोणत्याही लिंगाच्या व्यक्तीचं कामुक वस्तुकरण नको असं स्पष्ट आहे. उत्पादनाशी संबंध नसलेली कामुक मांडणी त्यात येते, मग चित्र उघडंवाघडं नसलं तरी. म्हणजे १९८६च्या कायद्यात नसलेले पुरुष इथे आहेत.

तक्रारी बारगळतात त्या मजकुरामुळे. ‘ही जाहिरात आमच्या संस्कृतीला काळिमा आहे’ एवढंच लिहिलं की तपासणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. जाहिरातीची प्रत किंवा लिंक, कुठे आणि कधी दिसली (वाहिनी, तारीख, वेळ), कोणत्या सेकंदाला काय दिसतं, आणि त्याचा उत्पादनाशी संबंध का नाही, एवढं चार ओळींत लिहा. चौकट यांचा तक्ता जोडला तर फारच छान. ऑनलाइन जाहिरात असेल तर आधी स्क्रीन रेकॉर्डिंग करून ठेवा, तक्रारीचा वास लागताच लिंक गायब होते.

---

कोळसा_आणि_कागद

कलेच्या बाजूने थोडं सविस्तर लिहिते, कारण वर्तमानपत्रांत ‘नग्नचित्र’ आणि ‘कामुक चित्रण’ यांची सतत सरमिसळ होते.

ताजं उदाहरण मुंबईचंच. फ्रान्सिस न्यूटन सूझा आणि अकबर पदमसी यांच्या सात कलाकृती परदेशातल्या लिलावांतून विकत घेऊन आणल्या होत्या. सीमाशुल्क खात्याने त्या अश्लील ठरवून अडवल्या आणि जुलै २०२४मध्ये जप्तीचा आदेश काढला. ऑक्टोबर २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. प्रत्येक नग्नचित्र अश्लील नसतं, कामविषय आणि अश्लीलता या नेहमी एकच गोष्टी नसतात, आणि अधिकाऱ्याने तज्ज्ञांचं मत बाजूला सारून स्वतःची आवडनिवड लादली, असं न्यायालयाने म्हटलं. सूझा गोव्यातल्या साळगावचे. पदमसींवर तर १९५४ साली जहांगीर आर्ट गॅलरीतल्या प्रदर्शनातल्या चित्रांवरून खटला झाला होता, आणि ते निर्दोष सुटले होते. सत्तर वर्षांनी त्याच शहरात, त्याच चित्रकाराच्या कामावर तोच आरोप होतो, याचं वाईट वाटतं.

मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत नग्न मॉडेलवरून अभ्यासाचा वर्ग तिथले प्रमुख ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या काळात, १९१९-२०च्या सुमारास सुरू झाला. असा वर्ग नीट चालवायचे नियम अगदी ठरलेले असतात. पाठ टेकवून बसता येईल अशी जागा, उतरवायला-नेसायला आडोसा आणि स्वतंत्र गाऊन, थंडीत हीटर, दार आतून बंद, सगळ्यांचे फोन बाहेर. सुरुवातीला अर्ध्या-एक मिनिटाच्या झटपट पोझ, मग २०-२५ मिनिटांच्या, मध्ये पाच मिनिटं विश्रांती. पावलं आणि तळहात कुठे टेकले होते ते खडूने किंवा चिकटपट्टीने आखून ठेवायचं, म्हणजे विश्रांतीनंतर मॉडेलला हात लावून ‘जरा इकडे वळा’ म्हणण्याची वेळ येत नाही. मॉडेलला स्पर्श करायचा नाही, दुरुस्ती तोंडी सांगायची. हात वर धरलेली पोझ पाच-सात मिनिटांपलीकडे मागायची नाही, बोटं बधिर होतात. इथे बघणाऱ्यासमोर पूर्ण नग्न शरीर असतं आणि तरीही वर दिलेल्या सात लक्षणांपैकी बहुतेक टाळता येतात, ती या नियमांमुळे. जिथे नियम ढिले, तिथे हाच वर्ग छळाची जागा होऊ शकतो.

आता चित्रकथा, गेम आणि पुस्तकांच्या मुखपृष्ठांकडे. तिथली गडबड शरीररचनेत पकडता येते. पाठमोरी उभी असलेली नायिका, पण नितंब आणि छाती दोन्ही वाचकाकडे, वर चेहराही वळलेला. माणसाच्या कमरेचे मणके सगळे मिळून फार तर पाच-दहा अंश फिरतात. मुख्य पीळ बरगड्यांच्या भागात पडतो, तो पस्तीस अंशांच्या आसपास. म्हणजे ओटीपोट आणि खांदे यांच्यात जमेल तेवढं वळण पंचेचाळीस अंशांच्या आतबाहेर. चित्रात ते नव्वदच्या पुढे गेलं की समजा, चित्रकाराने सांगाडा सोडला आणि अवयवांची मांडणी केली. तपासायला सोपं: चित्रावर पातळ कागद ठेवा, खांद्यांची रेघ मारा, नितंबांच्या हाडांची रेघ मारा, बरगड्यांचा पिंजरा आणि ओटीपोट हे दोन ठोकळे म्हणून काढा. ठोकळ्यांमध्ये पोटाला जागाच उरली नाही तर पोझ खोटी.

पुढची कसोटी म्हणजे तीच पोझ पुरुषाला देऊन बघणं. २०१२ साली परदेशी हौशी चित्रकारांनी हॉकआय या कॉमिकमधल्या धनुर्धाऱ्याला नायिकांच्या पोझमध्ये काढण्याचा सपाटा लावला होता. धनुष्य ताणायला लागणारा पाय-खांद्यांचा आधारच त्या पोझमध्ये नाही, हे लगेच उघड झालं. लढणाऱ्या बाईचं चित्र काढताना वजन कोणत्या पायावर आहे हे आधी ठरवा, निम्म्या चुका तिथेच थांबतात.

---

घुंगरू_नऊवार

लावणीचा विषय निघणार याची वाट बघत होते. नऊवारीत बाई गळ्यापासून घोट्यापर्यंत झाकलेली असते. तरी शृंगार अंगावर येतो, कारण तो नजरेत, मानेत आणि शब्दाच्या उच्चारात असतो. बैठकीच्या लावणीत कलावंत बसून गाते आणि एकाच ओळीवर अदा बदलत बदलत पाच-सात अर्थ दाखवते. कुणाकडे बघायचं, कधी नजर काढून घ्यायची, हे तिच्या हातात. चौकट यांच्या तिसऱ्या आकड्यात, उलट बघण्याच्या, ती लावणी अव्वल येईल.

तीच लावणी फोनवर उतरली की काय होतं ते बघा. रंगमंच प्रेक्षकांपेक्षा उंच, पहिल्या रांगेतला फोन मंचाच्या पातळीला किंवा त्याखाली. म्हणजे कॅमेरा पावलांच्या उंचीवरून वर बघतो. त्यात उभी चौकट आणि झूम. चेहरा लांब आणि वर राहतो, मधला भाग चौकट भरतो. पुढे कुणी तो तुकडा पंधरा सेकंदांचा करून, वेग कमी करून, त्यावर दुसरंच गाणं चढवतं. कलावंतीणीने जे काही उभं केलं होतं त्यातली नजर आणि शब्द दोन्ही गेले, उरलं ते हलणारं अंग. आयोजकांना थोपवता येतं: पहिली रांग मंचापासून दहा-बारा फूट मागे ठेवा, आणि मंचासमोर मध्यभागी डोळ्यांच्या उंचीवर स्वतःचा एक कॅमेरा लावून त्याच रात्री अधिकृत चित्रफीत टाका. चांगली प्रत मिळाली की लोक तीच पुढे पाठवतात.

---

कलम_तीन

घुंगरू, ‘तिच्या हातात’ याला एक पुरवणी हवी. तमाशा-लावणीची परंपरा ज्या कोल्हाटी, महार, मातंग समाजांतल्या बायकांनी जगवली, त्यांच्यापुढे दुसरे पर्याय किती होते? नजर तिची असली तरी बिदागी, मुक्काम, फडाचं कर्ज यांवर तिचा ताबा नसायचा. पडद्यावरच्या मोजमापातून हे दिसत नाही.

---

घुंगरू_नऊवार

मान्य, आणि ते महत्त्वाचं आहे. चित्रणाचा तक्ता कामाच्या अटी सांगत नाही. दोन्ही वेगळं तपासावं लागतं.

---

दंड_बैठका

पुरुषांच्या बाजूचं कुणी फारसं लिहिलं नाही. शर्ट उतरवून उभा राहिलेला नायक कसा ‘बनवला’ जातो ते मुद्दाम लिहितो, कारण तरुण मुलं तो देह खरा समजून जिममध्ये येतात.

चरबी कमी करण्याचं काम महिनोन् महिने चालतं. पण पडद्यावर दिसणारी ती कोरीव पोटाची रेघ शेवटच्या एक-दोन दिवसांची करामत असते. मीठ तोडलेलं, पाणी घोटभरावर आणलेलं, मग शूटच्या आधी थोडी साखर किंवा भात. कातडीखालचं पाणी कमी झालं की स्नायू उठून दिसतात. टेकच्या लगेच आधी जोर-बैठका किंवा दोरीचे व्यायाम, त्याने स्नायूंत रक्त भरतं, परिणाम पंधरा-वीस मिनिटं टिकतो. अंगावरचे केस काढलेले. घाम म्हणून ग्लिसरीन आणि पाणी निम्मं निम्मं करून फवारलेलं, कारण नुसतं पाणी दिव्यांखाली लगेच वाळतं. आणि दिवा समोरून नसतोच. वरून किंवा बाजूने, म्हणजे प्रत्येक स्नायूखाली सावली पडते. तोच माणूस समोरच्या सपाट उजेडात, दोन ग्लास पाणी प्यायल्यावर, वेगळाच दिसतो.

यात बिघडतं ते असं: पाणी तोडलं की सोडियम-पोटॅशियमचं गणित कोलमडतं, पेटके येतात, उभ्याउभ्या चक्कर येते. त्यात कुणी लघवीच्या गोळ्या घेतल्या तर हृदयाची लय बिघडून जीव जाऊ शकतो. कॉलेजातल्या पोरांनी लग्नातल्या फोटोंसाठी हे करू नये, कुणाच्याही सल्ल्याने.

पुरुषाचं वस्तुकरण आणि बाईचं सारखं आहे का? गाण्यांत नाही. तिथे नायकाचा चेहरा चौकटीत राहतो आणि तो काहीतरी करत असतो: पळतो, मारतो, चढतो. पण अंतर्वस्त्रांची खोकी बघा. अनेक खोक्यांवर छातीपासून मांडीपर्यंतच पुरुष आहे, डोकं नाही. स्थिर चित्राच्या मापात तिथे शून्य येतं. १९९५ची बुटांची जाहिरातही आठवा: मधू सप्रे आणि मिलिंद सोमण, दोघंही नग्न, अंगाभोवती अजगर. मुंबईत खटला भरला गेला आणि सुटका व्हायला २००९ उजाडलं. चौदा वर्षं चर्चा नग्नतेची झाली. बूट विकायला त्या दोन देहांची गरज काय, हा वस्तुकरणाचा प्रश्न त्यात कडेलाच राहिला.

---

कॉलशीट

सेटवरच्या लेखी व्यवस्थेबद्दल. प्रणयाची किंवा उघड्या अंगाची दृश्यं असतील तर मुख्य कराराला स्वतंत्र पुरवणी जोडतात, न्यूडिटी रायडर म्हणतात तिला. अमेरिकेत सॅग-आफ्ट्रा या कलाकार संघटनेच्या करारात ती कलाकाराला कॉल टाइमच्या (सेटवर हजर व्हायच्या वेळेच्या) ४८ तास आधी मिळालीच पाहिजे असं आहे. आपल्याकडे तशी सक्ती नाही, म्हणून कलाकारानेच मागून घ्यावी.

तिच्यात काय हवं: दृश्याचं टप्प्याटप्प्याने वर्णन (हात कुठे, किती वेळ, कुठे थांबायचं), शरीराचा कोणता भाग कोणत्या कोनातून दिसेल, सेटवर कोण कोण असेल याची नावं, मॉनिटर किती आणि कुणासमोर, झाकण्याचे कपडे आणि दोघांच्या अंगांमधला अडसर कोण पुरवणार, बॉडी डबल (कलाकाराच्या जागी दुसऱ्या कुणाचं शरीर) वापरायचा तर त्यालाही कलाकाराची वेगळी संमती. दृश्य नृत्यासारखं बसवायचं, ‘करा तुम्हाला सुचेल ते’ म्हणून सोडायचं नाही. ज्या दिवशी शूट, त्या दिवशी पुन्हा विचारायचं. आधी सही केली म्हणजे आज नाही म्हणता येत नाही, असं नसतं.

करार फसतो तो बहुतेकदा एकाच जागी. रायडर चित्रपटापुरता असतो आणि ट्रेलर, पोस्टर, थंबनेल, सेटवरची पडद्यामागची छायाचित्रं यांचा उल्लेखच नसतो. मग पूर्ण दृश्यात दोन सेकंद असलेली चौकट थंबनेल होऊन वर्षानुवर्षं फिरते. म्हणून दोन ओळी नक्की घाला: या दृश्यातली कोणतीही स्थिर चौकट प्रसिद्धीसाठी लेखी परवानगीशिवाय वापरायची नाही, आणि न वापरलेलं चित्रण अमुक दिवसांत पुसून तसं लेखी कळवायचं. आता तिसरीही लागते: चेहरा किंवा शरीर संगणकाने बदलून नवं दृश्य तयार करायचं नाही.

पुरुष कलाकारांना ही पुरवणी बहुधा देतच नाहीत. ‘त्याला काय विचारायचं’ असं गृहीत धरलं जातं. दंड_बैठका यांनी लिहिलेला पाणी तोडण्याचा प्रकारही खरं तर याच कागदात यायला हवा: शूटच्या दिवशी डॉक्टर हजर, आणि उघड्या अंगाचे शॉट सकाळी पहिल्या दोन तासांत संपवायचे.

---

चौकट

सगळ्यांच्या सूचनांनी तक्ता बदललाय. नवे रकाने असे. ‘इन्सर्ट की मुख्य शॉट’ (ओठ हलत नाहीत आणि चेहरा नाही, तर इन्सर्ट धरा). ‘प्रवेशाचा शॉट’, त्यात कॅमेरा कुठे मंदावतो ते फ्रेममध्ये लिहायचं. ‘नजर कॅमेऱ्यात’, कारण लावणीत कलावंत थेट प्रेक्षकाकडे बघते आणि जुन्या तक्त्यात त्याला जागाच नव्हती. पुरुष पात्रांची ओळ वेगळ्या रंगात ठेवा, पण रकाने तेच ठेवा, नाहीतर तुलना होत नाही. थंबनेल आणि पोस्टर दुसऱ्या पानावर घ्या; मूळ दृश्यात ती चौकट किती सेकंद होती ते शेजारी लिहा.

कामाच्या अटींसाठी यात रकाना घातलेला नाही. त्या पडद्यावरून ओळखता येत नाहीत, अंदाजाने भरल्या तर तक्ता खोटा होईल.

मोजणी दोघांनी स्वतंत्र करायची, एकमेकांचं न बघता. आधी पहिल्या ३० ओळी भरा आणि जुळवा. ‘डोकं आत की बाहेर’ हा रकाना जवळजवळ पूर्ण जुळला पाहिजे. तिथे फरक आला तर कट चुकीच्या फ्रेमवर पकडलेत. ‘स्वतःहून करतंय की दाखवलं जातंय’ हा रकाना सगळ्यात जास्त भांडण लावतो. तिथे नुसती टक्केवारी बघू नका, योगायोगाने जुळलेलं वजा करून खरी जुळणी सांगणारा कोहेनचा कॅप्पा काढा (पूर्ण जुळलं तर तो १ येतो). तो ०.६च्या खाली असेल तर पुढच्या ९० ओळी भरू नका. वाद असलेले शॉट दोघांनी एकत्र बघा, व्याख्या एका वाक्यात लिहून काढा, आणि त्याच ३० ओळी पुन्हा कोऱ्या पानावर भरा.